वर्षाला एक काता पुरे

प्रति,
मा. संपादक,

विषय: कराटेतील पारंपरिक काता आणि त्यांचे जतन

महोदय,
स. न. वि. वि.

शालेय कराटे स्पर्धांचे निकाल वृत्तपत्रांत येतात तेव्हा 'काता' आणि 'कुमिते' असे दोन प्रकार छापलेले दिसतात. कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत. ती वाचकाला लगेच समजते. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, एवढेच बहुतेक पालकांना ठाऊक असते, आणि अनेक वर्गांत ती शिकवलीही तेवढीच जाते. दर तीन-चार महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, दर परीक्षेला नवी काता. दोन वर्षांत मुलाला सात-आठ कातांचा क्रम तोंडपाठ होतो आणि घरचे समजतात, पोरगं तयार झालं. विसरल्यामुळे काता जेवढ्या बिघडतात त्याहून जास्त या घाईने बिघडतात. ते नेमके कसे घडते आणि टाळायचे कसे, हे तपशिलाने मांडण्यासाठी हे पत्र.

आधी काता हा प्रकार राखायचा तरी कशासाठी, ते सांगतो. जपानच्या ओकिनावा बेटावर शुरी, नाहा आणि तोमारी या ठिकाणी ही विद्या वाढली. हस्तलिखिते मोजकी होती, आणि हात-पाय कसे चालवायचे याचे सविस्तर लेखन जवळजवळ नव्हतेच. जे शिकायचे ते कातेत गुंफलेले असे. तिथले गुरू इतोसु आंको यांनी 1901 मध्ये शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे नेले आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी 'पिनान' या पाच काता बसवल्या. 1922 मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथून कराटे मुख्य जपानभर पसरले. 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत गावेच्या गावे बेचिराख झाली. गोजू-र्यू या शैलीचे संस्थापक मियागी चोजुन यांचे आघाडीचे शिष्य शिंझातो जिन्आन त्या वर्षी मारले गेले. आज ज्या काता आपल्यापर्यंत आल्या आहेत, त्या वाचलेल्या काही माणसांच्या अंगात होत्या म्हणून आल्या. ओकिनावा प्रांताने 1997 मध्ये कराटेला अमूर्त सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला, तेव्हा त्या ठेव्याचे धारक म्हणून ज्येष्ठ गुरूंचीच नावे जाहीर केली. काता कपाटात ठेवता येत नाही, ती माणसातच राहते.

आता माणसात काय राहायला हवे? फुनाकोशींच्या वीस सूत्रांपैकी एक सूत्र याचे उत्तर देते: बळ कुठे लावायचे आणि कुठे सोडायचे, शरीर कुठे ताणायचे आणि कुठे आखडायचे, तंत्र कुठे जलद आणि कुठे संथ, या तीन गोष्टी विसरू नका. क्रम या यादीत नाही, कारण तो गृहीत आहे. आपल्याकडे बंदिशीचे शब्द आणि स्वरलिपी पाठ केलेल्याला कोणी राग आला असे म्हणत नाही. कातेचेही तसेच.

सगळ्यांना परिचित असलेले उदाहरण घेऊ. फुनाकोशींच्या परंपरेतल्या शोतोकान शैलीत बहुतेक वर्गांत पहिली खरी काता म्हणजे 'हेइआन शोदान'. एकूण 21 हालचाली, वेळ साधारण 40 सेकंद. जमिनीवरची वाट, म्हणजे 'एनबुसेन', इंग्रजी कॅपिटल आय अक्षरासारखी. डावीकडे वळून गेदान-बराई (खालचा वार अडवणे) आणि एक ओइ-जुकी (पाऊल टाकत मारलेला ठोसा), मग 180 अंशांत उजवीकडे, मग मधल्या रेषेवर पुढे तीन आगे-उके (वरचा वार अडवणे), टोकाला 270 अंशांचे वळण, दोन्ही बाजू, मग त्याच मधल्या रेषेने परत तीन ओइ-जुकी, पुन्हा 270 अंश, आणि शेवटी कोकुत्सु-दाचीत (मागच्या पायावर वजन असलेल्या बैठकीत) चार शुतो-उके (उघड्या तळहाताच्या कडेने अडवणे). कागदावर हे सोपे दिसते. बिघाड होतो तो ठरावीक जागी.

पहिली जागा 270 अंशांचे वळण. तिसरी आगे-उके संपते तेव्हा उजवा पाय पुढे असतो. त्या पायावर फिरत मागचा डावा पाय पाठीमागून वळवून पुढे आणायचा. मूल तो पाय नुसता बाजूला नेऊन टेकवते. मग दोन्ही पाय एकाच रेषेत येतात आणि झेनकुत्सु-दाची, म्हणजे पुढच्या पायावर वजन असलेली बैठक, दोरीवर उभे राहिल्यासारखी होते. डाव्या पायाने उजव्या पायाची रेषा ओलांडून पलीकडे कमरेच्या रुंदीइतके जायला हवे. रुंदी नसली की गेदान-बराईच्या वेळी कंबर फिरत नाही, खांदा झुकतो, आणि पुढचा ठोसा रेषेबाहेर जातो. शिक्षक बहुतेक वेळा ठोसा सुधारत बसतात. चूक दोन हालचाली आधी झालेली असते.

दुसरी जागा वजन. झेनकुत्सु-दाचीत पुढच्या पायावर साधारण 60 टक्के, मागच्यावर 40. पुढच्या गुडघ्यावरून ओळंबा सोडला तर तो अंगठ्याजवळ पडावा. कोकुत्सु-दाचीत उलट, 70 टक्के मागे. शेवटच्या चार शुतो-उकेंत मुले पुढे झुकतात आणि मागचा गुडघा आत पडतो, कारण तोवर दमलेली असतात आणि काता संपल्यातच जमा असते.

तिसरी जागा चौथी हालचाल. उजव्या गेदान-बराईनंतर पुढचा पाय मागे ओढत, हात वर्तुळात फिरवून मुठीच्या बाजूने हातोड्यासारखा मारायचा, ती. हिचा प्रचलित अर्थ असा की समोरच्याने मनगट पकडले आहे आणि ते सोडवायचे आहे. पकड सुटते ती पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे यांच्यातल्या फटीतून, आणि त्या फटीकडे जोर लावण्यासाठी सगळे शरीर मागे ओढले जावे लागते. ज्याला हा अर्थ सांगितलेला नाही तो फक्त हात गोल फिरवतो, पाय जागचा हलत नाही किंवा नंतर हलतो. दिसायला काता तीच, पण त्या एका जागी ती मेलेली असते. दुसऱ्या मुलाला मनगट धरायला लावून पाच वेळा करून घ्या, पाय आपोआप हलायला लागतो. बुंकाई, म्हणजे हालचालीचा अर्थ, हा वरच्या पट्ट्यांसाठी राखून ठेवायचा विषय नाही असे मी म्हणतो ते यासाठी. अर्थ कळल्यावर हालचाल जागेवर राहते.

हिकितेचेही असेच. एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा कमरेशी येतो. तो रिकामा येत नाही. समोरच्याची बाही किंवा मनगट धरून ओढत आणायचा असतो. हे न सांगता 'हात कमरेला' एवढेच सांगितले की तो हात आधी पोहोचतो, नंतर पोहोचतो, कधी पोटावर विसावतो.

हेइआन शोदान सुरू झाली त्याच जागी संपायला हवी. जमिनीवर मास्किंग टेपची फुली करा आणि शेवटी पाय कुठे आहेत ते पाहा. जाताना तीन पावले आणि येताना तीन पावले, म्हणजे मधल्या रेषेवर हिशेब बरोबरीचा असतो. मूल फुलीच्या मागे जाऊन संपले तर बहुधा येतानाच्या ओइ-जुकीची पावले आगे-उकेच्या पावलांपेक्षा लांब पडली आहेत, कारण ठोसा मारताना अंग झोकून दिले जाते. डावी-उजवीकडे सरकले तर दोष वळणांत शोधा. ही फुली शंभर सूचनांचे काम करते. मात्र सगळ्याच जुन्या कातांना हा नियम लावू नये. शोतोकानमधल्या 'चिंते'च्या शेवटी येणाऱ्या तीन उड्या सुरुवातीच्या जागी परतण्यासाठीच मागाहून जोडल्या गेल्या, असे अनेक जाणकार मानतात.

दुसरे उदाहरण 'नाइहांची'चे, म्हणजे शोतोकानमधल्या 'तेक्की'चे. इथे तर वळणेच नाहीत, सगळी काता एका आडव्या रेषेवर डावी-उजवीकडे. 'तेक्की शोदान'मध्ये 29 हालचाली. फुनाकोशींनी गुरूंकडे तेक्कीच्या तीन कातांवर दहा वर्षे घालवली. आपल्याकडे ती तपकिरी पट्ट्याच्या आसपास येते आणि दीड-दोन महिन्यांत मागे पडते. हिच्यातली अवघड जागा 'नामी-गाएशी', परतणारी लाट. एक तळपाय आतून उचलून दुसऱ्या मांडीकडे झटक्यात न्यायचा आणि त्याच जागी परत टेकवायचा. पाय उचलण्याआधी वजन दुसऱ्या पायावर टाकले तर डोके वीतभर बाजूला जाते आणि प्रतिस्पर्ध्याला आधीच कळते. पाय उचलताना कंबर वर आली तर खाली येताना धप्प आवाज होतो. तपासायला सोपी युक्ती आहे. बैठकीत असताना डोक्याच्या उंचीवर भिंत ते भिंत दोरी बांधा. संपूर्ण काता दोरीला न ढकलता आणि दोरीपासून खाली न जाता व्हायला हवी. पाय ओलांडण्याच्या पावलातही हाच दोष पकडला जातो. कागी-जुकीत, म्हणजे आकड्यासारख्या ठोशात, कोपर काटकोनात आणि हात छातीला समांतर राहिला पाहिजे, मूठ अंगाच्या बाहेर जाता कामा नये.

इथेच शैलींची सरमिसळ कशी दुखापत करते तेही दिसते. ओकिनावातल्या नाइहांचीची बैठक उंच आणि अरुंद असते, पावलांची टोके किंचित आत. शोतोकानची किबा-दाची खोल आणि रुंद, पावले समांतर. दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या घराण्यात. पण एका व्हिडिओतून खोल रुंद बैठक घ्यायची आणि दुसऱ्यातून आत वळलेली टोके घ्यायची, हे केले की गुडघ्याला पीळ बसतो. दोन घराण्यांची गायकी एकत्र केली तर फार तर मैफल बिघडते, इथे सांधा बिघडतो.

घराण्यांचा घोळ नावांतही आहे. पिनान आणि हेइआन यांची चित्रलिपी एकच, फुनाकोशींनी उच्चार जपानी केला. शिवाय पहिल्या दोन कातांचा क्रम त्यांनी बदलला. त्यामुळे शोतोकानची हेइआन शोदान म्हणजे शितो-र्यू किंवा वादो-र्यूमधली पिनान निदान, म्हणजे दुसरी पिनान. क्लास बदललेल्या मुलाला 'तुला पहिलीसुद्धा येत नाही' असे ऐकवण्याआधी शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. हेइआन निदानमधली योको-गेरी (बाजूची लाथ) जुन्या पिनानमध्ये माए-गेरी (समोरची लाथ) आहे, नेकोआशी-दाचीच्या (मांजरपावली बैठकीच्या) जागी शोतोकानमध्ये कोकुत्सु-दाची आली आहे. 1920 च्या दशकातल्या फुनाकोशींच्या छायाचित्रांत बैठका आजच्यापेक्षा कितीतरी उंच दिसतात. म्हणून 'मूळ शुद्ध काता आमच्याकडेच' या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. एकाच गुरूच्या शिष्यांतही फरक आहेत. आपल्याला राखायची आहे ती आपल्या परंपरेत आलेली आवृत्ती, तिच्या नावानिशी. तेवढे जमले तरी पुष्कळ झाले.

स्पर्धांविषयी. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे ऑगस्ट 2021 मध्ये, काता पहिल्यांदा आणि आजवर एकदाच दिसली. पुरुषांचे सुवर्ण ओकिनावाच्या रियो कियुनाने जिंकले. अंतिम फेरीत त्याने 'ओहान दाइ' केली, आपल्याच र्यूएइ-र्यूची काता, जी नाकाइमा घराण्यात पिढ्यान्पिढ्या घरातच राखली गेली होती. ती पाहून जगभरच्या मुलांनी व्हिडिओवरून ओहान आणि आनान उचलल्या. आंतरराष्ट्रीय यादीत शंभरहून अधिक काता आहेत आणि कोणालाही कोणतीही करता येते, त्यामुळे नियमाने यात गैर काही नाही. पण आपल्या शैलीतली दहा वर्षांची काता सोडून तीन महिन्यांची उसनी काता घेतल्याने आतले काही येत नाही. येतात ते लांबवलेले विराम, आपटलेले पाय, फुत्कार आणि गीचा, म्हणजे कराटेच्या पोशाखाचा, फटका. गंमत म्हणजे पाय आपटणे, छाती किंवा गीवर हात मारून आवाज करणे, अवाजवी श्वास सोडणे हे त्याच आंतरराष्ट्रीय नियमांत दोष म्हणून नोंदलेले आहे, आणि आपापल्या शैलीतले फरक चालतील असेही तिथेच लिहिले आहे. 'पदकासाठी काता बदलावी लागते' हे कारण म्हणून टिकत नाही.

घाई जिथे प्रकृतीला बाधते अशी एक काता आहे, सांचिन. गोजू-र्यूचा पाया तीच. सर्वांग आवळून, नाकाने श्वास घेऊन तोंडाने सोडत तीन पावले पुढे. नवशिका घसा बंद करून श्वास कोंडतो, चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा फुगतात. श्वास सुटत राहिला पाहिजे आणि आवळणे पोटाच्या तळाशी हवे, मानेत नको. रक्तदाब असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच, सैल अंगाने करावी. खांद्यावर थापा मारून केली जाणारी तपासणी लहान मुलांवर करू नये.

जतनाचे काम घरबसल्या कोणालाही करता येईल असे आहे. दोनशे पानी वही घ्या, एका कातेला दहा पाने. प्रत्येक हालचालीपुढे रकाने: क्रमांक, तोंडाची दिशा (सुरुवातीची दिशा उत्तर धरून), बैठक, डावा हात, उजवा हात, नजर, श्वास, जलद की संथ, किआइ (हालचालीबरोबरची आरोळी) आहे का. शेवटचा रकाना अर्थाचा, तो रिकामा राहिला तरी चालेल, पुढे भरेल. पहिल्या पानावर शैली, कोणाकडून शिकलो, त्यांनी कोणाकडून, आणि तारीख.

ही वही देवनागरीत लिहा असा माझा आग्रह आहे. रोमन लिपीतली नावे वाचून मुले 'आगे-उके'ला 'एज उके' म्हणतात, 'माए-गेरी'ची 'मे गेरी' होते, 'हेइआन'चे 'हियान'. देवनागरीत हे प्रश्न उरत नाहीत. तेक्कीतले जोडाक्षर आपल्याला सहज येते, 'त्सु' लिहिता येतो, आणि ठोशाच्या नावातला आवाज म्हणजे तर आपल्या 'जुना'मधला ज. 'झुकी'पेक्षा 'जुकी' मूळ उच्चाराच्या जवळ जाते. मराठी मुलाला ही सोय जन्मजात मिळाली आहे, ती वापरायला हवी.

व्हिडिओ काढताना फोन हातात न धरता छातीच्या उंचीवर स्थिर ठेवा, पूर्ण शरीर आणि पावले चौकटीत हवीत. एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा पाठीमागून. पाठीमागचा व्हिडिओ शिकणाऱ्याला सर्वांत उपयोगी, कारण डावे-उजवे उलटत नाही. सेल्फी कॅमेरा काही फोनमध्ये आरशासारखे उलटे चित्र साठवतो, आणि अशा व्हिडिओवरून आख्खी काता उलटी शिकलेली मुले असतात. ओळखायची खूण गीमध्येच आहे: गीचा डावा पदर नेहमी उजव्यावर असतो, स्त्री असो वा पुरुष. उजवा वर दिसला तर व्हिडिओ उलटा आहे.

सरावाच्या एका सत्रात एकच काता दहा वेळा करावी. तीन वेळा बळ न लावता संथ, तीन वेळा तिच्या ठरलेल्या लयीत, दोन वेळा तोंड दुसऱ्या भिंतीकडे करून, एकदा डोळे मिटून, एकदा डावी-उजवी अदलाबदल करून. भिंत बदलली की निम्मी मुले अडखळतात. त्यांना काता पाठ नसते, वर्गातली खिडकी आणि फळा पाठ असतो. डोळे मिटल्यावर वळण किती अंशांनी चुकते ते कळते. फोमच्या जोडमॅटवर सराव असेल तर वळण्याआधी पायावरचे वजन हलके करायला शिकवा. तळवा मॅटला चिकटून राहतो आणि वळतो फक्त गुडघा. गुळगुळीत फरशीवर उलट, पावसाळ्यात दमट हवेने पाय सटकतो, तेव्हा बैठक थोडी आखूड घ्यावी आणि वहीत तसे लिहावे, नाहीतर तीच लांबी अंगवळणी पडते.

'हितो काता सान नेन', एका कातेला तीन वर्षे, असे जुने जपानी वचन आहे. शाळा, शिकवणी आणि परीक्षा सांभाळणाऱ्या मुलांकडून तीन वर्षे मागता येत नाहीत हे मान्य. पण वर्षाला एक काता शक्य आहे. पट्ट्याची परीक्षा मधे घ्यायची तर त्याच कातेवर घ्या: पहिल्यांदा क्रम आणि बैठका, दुसऱ्यांदा लय आणि श्वास, तिसऱ्यांदा जोडीदाराबरोबर अर्थ. परीक्षेच्या फीवर अनेक वर्गांचे भाडे निघते, हे उघड सत्य आहे. या पद्धतीत परीक्षा कमी होत नाहीत, त्यामुळे वर्गांचेही नुकसान नाही. पालकांनी प्रवेश घेताना तीन प्रश्न विचारावेत: शैली कोणती, मूल वर्षभरात किती काता शिकेल, आणि अर्थ कधी शिकवणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'सगळ्या शैली' असे आले, तर दुसरा वर्ग पाहावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. कराटे स्पर्धांचे निकाल छापताना 'काता प्रकारात सुवर्ण' एवढ्यावर न थांबता कातेचे आणि शैलीचे नाव द्यावे, जसे '14 वर्षांखालील मुली, काता: सेइएन्चिन, गोजू-र्यू'. चार शब्दांची जागा लागेल. आयोजकांकडे ही माहिती असते, कारण खेळाडूला फेरीआधी कातेचे नाव सांगावेच लागते. पुढच्या जिल्हास्तरीय निकालापासून ती मागवून घ्यावी.

आपला,
एक कराटे प्रशिक्षक
पुणे